द्राक्षाचा व्यास

द्राक्षाचा व्यास १९.४ मिलिमीटर भरला. लांबी २६. मग दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. दहाव्या द्राक्षाला हिने स्वयंपाकघरातून डोकावून विचारलं, "अहो, खायची आहेत ती, की पास करायची आहेत?"

टोमणा अनाठायी नव्हता. माझी चौतीस वर्षं कारखान्यात येणारा माल तपासण्यात गेली. गेटमधून आत आलेली पेटी आधी आमच्या टेबलावर उघडायची. नमुने उचलायचे, मोजायचे, ड्रॉइंगशी ताडून पाहायचे आणि लॉटला हिरवं नाहीतर लाल लेबल लावायचं. निवृत्तीच्या दिवशी सगळी उपकरणं जमा केली. हा व्हर्नियर (व्यास मोजायची सरकपट्टी) माझ्या पैशांनी घेतलेला, म्हणून तो घरी आला आणि सात वर्षं कपाटात निजून राहिला. नात दीड वर्षाची झाली आणि त्याला पुन्हा काम लागलं.

मुलगी कामावर परत रुजू झाली तेव्हा नात आठ महिन्यांची होती. हिचे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत, त्यामुळे दिवसा भरवायचं खातं माझ्याकडे आलं. माझ्या स्वतःच्या मुलीला मी किती वेळा भरवलं असेल? खरं सांगायचं तर दोन-तीनदा, तेही फोटोपुरतं. एरवी मी घरी यायचो तेव्हा ती जेवून झोपलेली असायची आणि "आज नीट जेवली का?" एवढं विचारलं की माझं पितृकर्तव्य संपायचं. तर सदुसष्टाव्या वर्षी मी लाळेरं बांधायला शिकलो. पहिल्या आठवड्यात ते मलाच जास्त लागलं असतं.

द्राक्षाकडे येतो. पहिल्यांदा दिलं तेव्हा मी ते आडवं कापलं, मधोमध, दोन सारखे तुकडे. मुलीने पाहिलं आणि ताटलीच उचलली.

"बाबा, आडवं नाही कापायचं. उभं कापा, आणि चार फोडी करा."

"काय फरक पडतो? अर्धं ते अर्धंच."

ती घाईत होती, काही बोलली नाही. ती गेल्यावर मी कपाट उघडलं. आडव्या कापलेल्या तुकड्याचा व्यास मोजला. १९.४. म्हणजे अख्ख्या द्राक्षाचा जो व्यास तोच अर्ध्याचा. मी फक्त लांबी कमी केली होती, गोलाई तशीच ठेवली होती. आणि श्वासनलिका बंद करते ती गोलाई. द्राक्ष मऊ असतं, गुळगुळीत असतं, नळीच्या आकाराप्रमाणे थोडं दबतं आणि बाटलीला बूच बसावं तसं बसतं. उभं चिरून चार फाका केल्या की बूच उरतच नाही. एवढी साधी भूमिती, आणि आयुष्यभर व्यास मोजणाऱ्या माणसाच्या लक्षात आली नाही.

खेळण्यांच्या तपासणीत एक छोटं नळकांडं वापरतात. अमेरिकेच्या नियमात त्याचा आतला व्यास ३१.७ मिलिमीटर ठरवलेला आहे. तीन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्याचा एखादा सुटा भाग न दाबता त्यात पूर्ण मावला की ते खेळणं बाद. द्राक्ष त्यात आरामात मावतं. खेळणं म्हणून ते कधीच पास झालं नसतं. पण ते पडलं फळ, आणि फळाला असा गेज कुणी लावत नाही. तो घरातच लावावा लागतो: गाजराची गोल चकती नको, लांब काप करून मऊ शिजवलेलं हवं, सॉसेज गोल कापायचं नाही, पॉपकॉर्न आणि कडक गोळ्या तर घरात दिसायलाच नकोत. अख्खा सुका मेवा ब्रिटनमध्ये ५ वर्षांपर्यंत देऊ नका म्हणतात. त्याचं कारण दातांच्या क्रमात आहे. पुढचे दात आधी येतात, दाढा वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास यायला लागतात आणि मागच्या दाढांना त्याहून वेळ लागतो. तोडायचं यंत्र आधी बसतं, दळायचं नंतर. मधल्या काळात पोरगं कडक वस्तूचा तुकडा ऐटीत तोडतं आणि पुढे त्याचं काय करायचं ते त्याला ठाऊक नसतं.

एकदा माझी पाचावर धारण बसली होती. नऊ महिन्यांची होती, उकडलेल्या बटाट्याचा मऊ तुकडा तिने स्वतःच उचलून तोंडात घातला आणि एकदम उमासा आला. डोळ्यांत पाणी, चेहरा लाल, खोकला, मोठा आवाज. मी तिला उचललं, पाठ थोपटली, हिला हाका मारल्या, पाण्याचा पेला सांडला. तोवर नातीने तुकडा बाहेर काढून तो पुन्हा तोंडात घातलेला होता. नंतर मुलीने मला एका प्रथमोपचाराच्या वर्गाला धाडलं. तिथे एका रबरी बाहुलीवर शिकलो. उमासा वेगळा आणि घास अडकणं वेगळं. बाळाच्या जिभेवर उमाशाची जागा मोठ्यांपेक्षा पुढे असते, म्हणून त्याला तो लवकर येतो. ती त्याची राखणच आहे. त्यात आवाज असतो, खोकला असतो. श्वास खरोखर अडकतो तेव्हा आवाज येत नाही. रडू फुटत नाही, खोकला निघत नाही. अशा वेळी वर्षाखालचं बाळ हातावर पालथं, डोकं खाली ठेवून दोन खांद्यांच्या मधे ५ जोरकस थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर ५ दाब, आणि पुन्हा तेच. वर्षावरच्या मुलाला थापा आणि पोटावर दाब. दिसत नसताना बोट घालून चाचपायचं नाही, घास आणखी आत जातो. म्हणून जेवताना समोर माणूस हवा, मूल बसलेलं हवं आणि खोलीत इतका गोंगाट नको की शांतता लक्षात येणार नाही.

हे सगळं मी पटकन शिकलो, कारण हे माझ्या धंद्यातलं होतं. चुकलो ते दुसरीकडे.

पहिल्याच आठवड्यात मी वही घातली. तारीख, वेळ, पदार्थ, चमचे. सकाळी ९, मऊ भात आणि डाळ, ११ चमचे. दुपारी १, केळं, ६ चमचे. महिन्याअखेर बेरीज. मुलगी हसली, पण तिलाही संध्याकाळी आकडा विचारायची सवय लागली. आकडा चढला की घरात आनंद, उतरला की चिंता. आणि एकदा आकडा ठेवला की तो वाढवावासा वाटतो, हे कुठल्याही कारखान्यातल्या माणसाला सांगायला नको.

मग मी आकडा वाढवायच्या वाटा शोधल्या. अन्न पातळ केलं, कारण पातळ लवकर आत जातं. ११ चमच्यांचे १८ झाले. मी खूश. एकदा रात्री जागतिक आरोग्य संघटनेचं वाचताना कळलं की बाळाच्या पोटाची धारणाशक्ती वजनाच्या दर किलोला साधारण ३० मिलिलीटर धरतात. आठ किलोची नात म्हणजे २४० मिलिलीटर, एक पेलाभर. दूध वगळून वरच्या अन्नातून तिला रोज ६ ते ८ महिन्यांत सुमारे २०० किलोकॅलरी लागतात, ९ ते ११ महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५०. पेला तेवढाच आणि मी त्यात पाणी भरत होतो! चमचा तिरका केला तरी चटकन ओघळणार नाही इतकं घट्ट अन्न हवं, असं तिथे लिहिलेलं होतं. माझं अन्न चमच्यातून वाटीत धार लावून पडायचं. १८ चमच्यांत ११ चमच्यांइतकंही सत्त्व नव्हतं, आणि वहीत ते वाढलेलं दिसत होतं.

नात वर्षाची झाली तसा आकडा पुन्हा उतरला. पाणी बंद केलं होतं तरी उतरला. दुधाची बाटली वाढवली, आणखी उतरला. मग मी मोबाईल काढला. पडद्यावर नाचणारे प्राणी, इकडे तोंड उघडं, घास आत. तिचं लक्ष नव्हतंच. काय खातेय, किती खातेय, भूक आहे की नाही, कशाचाही पत्ता नाही. एका दुपारी सलग २२ चमचे गेले आणि मी वहीत दोन रेघा मारून अधोरेखित केलं. हिने ते लांबून पाहिलं होतं. म्हणाली, "तुम्ही तिला भरवत नाही आहात. तुम्ही तिला भरताय."

मला ते लागलं. दोन दिवस मी वही उघडली नाही.

त्या दिवसांत मला २००८ सालची चीनमधली दुधाच्या भुकटीची गोष्ट सारखी आठवत होती. दुधात पाणी घालायचे आणि ते लपवायला मेलामाइन नावाचं रसायन मिसळायचे. कारण प्रयोगशाळेची नेहमीची चाचणी प्रथिनं थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा हिशेब करते. मेलामाइनमध्ये नायट्रोजन ठासून भरलेला. चाचणीत भुकटी पास. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, अनेकांच्या मूत्रपिंडात खडे झाले, ६ दगावली. ही बातमी आली तेव्हा मी नोकरीत होतो आणि आमच्या खात्यात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आमच्या साहेबांनी सगळ्यांना बसवून एकच प्रश्न विचारला होता: आपण जे मोजतो, तेच आपल्याला हवं असतं का?

मी चमचे मोजत होतो.

वर्षानंतर भूक उतरते, हेही मला माहीत नव्हतं. पहिल्या वर्षात बाळ जन्मवजनाच्या तिप्पट होतं. त्याच वेगाने वाढत राहिलं तर दुसऱ्या वाढदिवसाला नऊ किलोचं पोर सत्तावीस किलोचं व्हायचं! दुसऱ्या वर्षात ते साधारण दोन-अडीच किलोच वाढतं. गरज मंदावते, भूक तिच्यामागे जाते. आणि नेमक्या त्याच महिन्यांत घरातली मोठी माणसं चमचा घेऊन पोराच्या मागे धावायला लागतात. डॉक्टरांनी वाढीचा तक्ता समोर धरला, नातीची रेघ आपल्या वाटेने नीट वर चालली होती. माझी वही त्यांनी उघडूनही पाहिली नाही.

क्लारा डेव्हिस ही अमेरिकन डॉक्टर मला याच सुमारास वाचनात भेटली. तिचा पहिला निबंध १९२८ सालचा. गंमत म्हणजे अमेरिकेत डबाबंद गाळीव भाज्या आणि फळं बाळांसाठी म्हणून मोठ्या प्रमाणावर बाजारात आली तेही १९२८. त्या काळी डॉक्टर बाळाच्या आहाराचे कागद लिहून द्यायचे, अमुक वाजता तमुक औंस, आणि पोरं तोंड फिरवायची. डेव्हिसने उलटं करून पाहिलं. नुकतीच अंगावरून तुटलेली, सहा ते अकरा महिन्यांची बाळं घेतली. सुरुवातीला क्लीव्हलंडमध्ये तीन, पुढे शिकागोतली धरून पंधरा. त्यांच्यासाठी ३४ पदार्थांची यादी केली. काही शिजवलेले, काही कच्चे, प्रत्येक वेगळ्या वाटीत, कशात काही मिसळलेलं नाही. मीठसुद्धा वेगळ्या वाटीत. दर जेवणाला त्यातल्या काही वाट्या समोर यायच्या.

आणि दाईला नियम होता. चमचा हातात घेऊन शेजारी गप्प बसायचं. बाळाने एखाद्या वाटीकडे हात नेला किंवा बोट केलं, तरच त्यातला चमचा उचलायचा. त्याने तोंड उघडलं, तरच आत द्यायचा. "हे घे" नाही, "शाब्बास" नाही, कपाळाला आठी नाही. बाळाला स्वतःच्या हाताने खायचं असेल तर सांडू दे. खाणं थांबलं की, म्हणजे बहुधा वीस-पंचवीस मिनिटांनी, थाळी उचलायची.

हा नियम मी तीनदा वाचला. गप्प बसायचं! आमच्या घरात तीन माणसं एका वाटीभोवती बसून सहा वाक्यं एकदम बोलतात.

मुलांनी भलतंच खाल्लं. एकाची न्याहारी म्हणजे अर्धा लीटरच्या आसपास संत्र्याचा रस आणि कलेजी. एकाने रात्री अनेक अंडी, केळी आणि दूध घेतलं. कुणी एखाद्या पदार्थाच्या मागे लागायचं आणि मग त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही. कुठल्याही दोन मुलांचा आहार सारखा नव्हता. एका बाळाला मुडदूस होता. त्याच्यापुढे कॉड माशाच्या यकृताचं तेल ठेवलं होतं, ते तो आपणहून घेत राहिला आणि हाडं बरी झाल्यावर सोडून दिलं. सगळी मुलं धडधाकट झाली. (आईपासून दूर संस्थेत वर्षानुवर्षं ठेवून असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि देऊही नये.)

यावरून अनेकांनी अर्थ काढला की मुलाच्या शरीराला सगळं कळतं, त्याला हवं ते खाऊ द्या. डेव्हिसने मात्र १९३९ साली स्वतःच सांगून टाकलं की या प्रयोगात एक चलाखी होती आणि ती यादीत होती. चौतीसमध्ये साखर नव्हती, डबाबंद काही नव्हतं, मैद्याचं काही नव्हतं. धान्यं, फळं, भाज्या, अंडी, मांस, मासे, दूध. मुलं यातून काहीही उचलोत, चुकायला जागाच नव्हती. वाईट पदार्थांतून निवड करायला लावली असती तर ही निवड फारशी कामाची नसती, हेही तिनेच लिहिलं.

हे वाचलं आणि मला माझं जुनं टेबल दिसलं. गेट! सगळी तपासणी गेटवर. आत गेलेल्या मालाला नंतर कामगाराच्या मागे लागून "नीट वापर रे" म्हणण्यात अर्थ नसतो. मी आठ महिने गेट मोकळं सोडून यंत्राच्या तोंडाशी उभा होतो.

दुसऱ्या दिवशी वहीचं नवं पान काढलं. चमच्यांचा रकाना गेला. वर लिहिलं: आत काय येतं.

बाद मालात पहिला मध. नात नऊ महिन्यांची असताना तिला खोकला झाला होता आणि मी मधाचं बोट तिच्या ओठापर्यंत नेलं होतं. मुलीने माझं मनगट धरलं. जोरात धरलं. मला राग आला होता. इतका शुद्ध पदार्थ, त्यात काय मेलंय? मेलेलं काही नसतं, हीच पंचाईत. मधात कधीकधी क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू निद्रिस्त असतात. मोठ्यांच्या आतड्यात इतर जिवाणूंची इतकी दाटी असते की त्यांना रुजायला जागा मिळत नाही. वर्षाखालच्या बाळाचं आतडं म्हणजे मोकळं शेत. तिथे ते रुजतात आणि विष तयार करतात. आधी बद्धकोष्ठ, मग रडणं क्षीण, चोखणं क्षीण, मान लुळी. हा आजार बाळांमध्ये पहिल्यांदा ओळखला गेला १९७६ साली. आणि मध उकळला तरी बीजाणू मरत नाहीत, त्यांना दाबाखाली १२१ अंशांची उष्णता लागते. वर्ष उलटलं की हाच मध चालतो. मनगट मात्र अजून दुखल्यासारखं वाटतं.

दूध माझ्या यादीत नेहमी हिरव्या लेबलचं होतं. वर्षाच्या आत गाईचं दूध अन्नात थोडं मिसळलेलं वेगळं, पण मुख्य पेय म्हणून बालरोगतज्ज्ञ सहसा नको म्हणतात, आणि वर्षानंतरही दिवसाला अर्धा लीटरच्या पलीकडे जाऊ नये. कारण लोह. आईकडून आलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास सरत येतो. अमेरिकेच्या हिशेबाने ७ ते १२ महिन्यांच्या बाळाला रोज ११ मिलिग्रॅम लोह लागतं. माझ्यासारख्या पुरुषाला ८. आठ किलोचा जीव, आणि लोह माझ्याहून जास्त! दुधात लोह जवळजवळ नाहीच, आणि पोट दुधाने भरलं की बाकीचं नको होतं. जेवली नाही म्हणून मी बाटली देत होतो आणि बाटलीमुळे ती जेवत नव्हती. आता रोज अंडं, मासा, मांस, डाळ यांतलं काहीतरी असतंच, आणि डाळीबरोबर संत्र्याची फोड किंवा टोमॅटो, कारण क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं.

शेंगदाण्यावरून घरात वाद झाला. माझ्या भाचीच्या मुलाच्या वेळी, २००४ साली, डॉक्टरांनी तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा दाखवू नका म्हणून बजावलं होतं. आता माझी मुलगी सातव्या महिन्यात शेंगदाण्याची गुळगुळीत, पातळ केलेली पेस्ट लापशीत कालवत होती. भाचीने फोन करून विचारलं, "हे डॉक्टर दर दहा वर्षांनी उलटं का बोलतात?"

आमच्याकडे ड्रॉइंग बदललं की कोपऱ्यात रिव्हिजन नंबर बदलायचा. जुनं ड्रॉइंग टेबलावर सापडलं तर मेमो मिळायचा. बदल झाला म्हणजे कुणीतरी पुन्हा मोजलं, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली सांगितलं होतं की जास्त धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा नको. २००८ साली तो सल्ला मागे घेतला. मधे लंडनच्या गिडियन लॅक यांच्या लक्षात आलं होतं की इस्राएलमध्ये बाळं लहानपणापासून शेंगदाण्याचा खाऊ चघळतात आणि तिथल्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी ब्रिटनमधल्या ज्यू मुलांच्या जवळपास एक दशांश आहे. मग त्यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं घेतली, अर्ध्यांना नियमित शेंगदाणा, अर्ध्यांना वर्ज्य. निकाल २०१५ साली आला. खाणाऱ्यांत पाचव्या वर्षी ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी. तेव्हा हे रिव्हिजन मोजून केलेलं आहे. अट एवढीच की ज्या बाळाला तीव्र इसब आहे किंवा आधीच एखादी ॲलर्जी आहे, त्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांशी बोलायचं. भाची फोनवर थोडा वेळ गप्प होती. तिच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. कशामुळे झाली ते कुणी सांगू शकणार नाही, आणि मीही तो विषय पुढे नेला नाही.

पाकिटांवर मात्र मी मनसोक्त वेळ घालवतो, ती माझी जुनी खोड. पुढची बाजू मी बघतच नाही. पुढे हसरं बाळ असतं. मागे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यायची, असा नियम बहुतेक ठिकाणी आहे. पहिल्या तिघांत काय बसलंय ते पाहायचं. साखरेला नावं अनेक: ग्लुकोज सिरप, फळांच्या रसाचा अर्क, आणि साखर नाही पण फार वेगळं वागत नाही असं माल्टोडेक्स्ट्रिन. "वरून साखर घातलेली नाही" असं लिहून आत सफरचंदाचा आटवलेला रस घातला तरी बाळाच्या जिभेला फरक कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१९ साली चार शहरांतली बाळांची सुमारे ८,००० उत्पादनं तपासली. त्यांतल्या तीन शहरांत निम्म्याच्या आसपास उत्पादनांत ३० टक्क्यांहून जास्त ऊर्जा साखरेतून येत होती. आमच्याकडे असा लॉट आला असता तर पुरवठादाराला बोलावून घेतलं असतं. चोखून खायच्या पिशव्यांबद्दल माझं वेगळं भांडण आहे. आत पालक आहे म्हणतात, चवीला सफरचंद असतं, आणि मूल पालक कधी बघतच नाही.

एकट्या भातावर मी आता भागवत नाही. तांदूळ जमिनीतलं आणि पाण्यातलं आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त ओढून घेतो. म्हणून तो टाकून द्यायचा असं नाही. जास्त पाण्यात शिजवून पाणी काढून टाकलं की बरंचसं जातं, आणि एका दिवशी भात तर दुसऱ्या दिवशी ओट, गहू, मका. एकाच पुरवठादारावर विसंबायचं नसतं. मीठ वर्षाच्या आत दिवसाला १ ग्रॅमहून कमी, पुढे तिसऱ्या वर्षापर्यंत २ ग्रॅम, असा ब्रिटनचा हिशेब आहे. यासाठी आम्ही नातीचं आधी काढून मग आमच्यात मीठ घालायला लागलो. उरलेलं मीच संपवतो. लाल भोपळा इतका गोड असतो हे मला या वयात कळलं.

गेट एकदा नीट सांभाळलं की पुढे गप्प बसायचं. हा भाग अवघड आहे. ती तोंड मिटते, मान फिरवते, आणि माझा हात चमच्यासकट हवेत. पहिले काही दिवस मी हातावर बसत असे, अक्षरशः. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची वाटणी करून दिली आहे: काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. माझ्या वाट्याला तीन प्रश्न आणि तिच्या वाट्याला दोन, तरी तिचंच पारडं जड वाटतं. आता एका दिवशी ती तीन घासांत उठते, दुसऱ्या दिवशी दोन अंडी खाते. आठवड्याचा हिशेब जुळतो. रोजचा कधीच नाही.

वहीत सध्या एकच आकडा असतो: कुठला पदार्थ कितीदा समोर ठेवला. नव्या चवीशी ओळख व्हायला आठ-दहा, कधी पंधरा वेळाही लागतात, आणि मोठी माणसं बहुधा तीन-चार वेळांत "तिला आवडत नाही" असा शेरा मारून मोकळी होतात. पालक नवव्या वेळी गेला. माशाला चार पुरले. बीट अकरा, तेही भिंतीवर जास्त.

वाटाणा राहिलाय. काल दुपारी उकडून, बोटाने चेपून पाच दाणे ताटलीत ठेवले. शेजारी बाकीचं होतंच, ते तिने खाल्लं. मग एक वाटाणा दोन बोटांत धरला, डोळ्यांसमोर नेला, खिडकीच्या उजेडाकडे वळवून दोन्ही बाजूंनी पाहिला. मी हातावर बसून होतो. तिने तो ताटलीच्या कडेवरून हळूच खाली सोडला, मग दुसरा उचलला, तोही उजेडात पाहिला आणि खाली सोडला. तिसऱ्याला उजेडही दाखवला नाही. उरलेला लॉट एका फटक्यात परत.

मी वाकून पाचही दाणे गोळा केले आणि वहीत लिहिलं: वाटाणा, १७.